कालचं मागणारे तुळशीरामबापू

देवाकडे लोक उद्याचं मागतात. आमचे तुळशीरामबापू कालचं मागायचे.

मुलगा मॅट्रिकला बसला की त्याची आई परीक्षेच्या आधी मारुतीला नारळ कबूल करते. बापूंना हे पसंत नव्हतं. परीक्षा होऊन, पेपर तपासून, निकाल छापून झाला की मग ते मारुतीसमोर जाऊन उभे राहायचे. "आधी त्याले काऊन तकलीफ द्याची?" ते म्हणायचे. "आधी पोरगं अभ्यास करू शकते, मास्तर शिकवू शकते. समद्यांनी हात टेकले म्हंजे मंग देवाचं काम."

मी डोणगावच्या हायस्कुलात मराठी शिकवायला आलो तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं. शाळेच्या छापील कागदांवर अजून जुन्या राज्याचं नाव असायचं आणि हेडमास्तर ते शाईनं खोडून वर नवं लिहीत बसायचे. मी मूळचा दुसरबीडचा, म्हणजे फार लांबचा नव्हे, तरी माझं 'मला-तुला' ऐकून पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची. राहायला मिळाली ती बापूंच्या घरातली पुढची खोली. बापू पन्नाशी ओलांडलेले, उंच, जरासे वाकलेले, डोक्यावर कायम पिवळट पडलेली टोपी. गावालगत विहिरीचं शेत, दावणीला एक म्हैस आणि बैलजोडी. बायको वारून बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, हे शेजाऱ्यांनी मला ट्रंक खाली ठेवायच्या आतच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो. आत भिंतीतल्या देवांच्या देवळीपुढे बापू हात जोडून उभे होते आणि खणखणीत आवाजात म्हणत होते, "बाबूरावानं इकलेली बैलजोडी चांगल्या घरी गेलेली असू दे. काल येष्टीतून उतरलेल्या म्हातारीले तिच्या लेकीचं घर सापडलेलं असू दे. नव्या मास्तराले ढेकूण चावलेले नसू दे."

मी कप खाली ठेवला. ढेकूण चावले होते, पण मला धक्का बसला तो व्याकरणाचा. आज्ञार्थ आणि भूतकाळ यांचं लग्न मी आजवर कुठल्याही पुस्तकात लागलेलं पाहिलं नव्हतं. आज्ञा होणाऱ्या गोष्टीला करतात. होऊन गेलेल्या गोष्टीला कोण कशी करणार?

बापू बाहेर आल्यावर मी तसं विचारलं. म्हटलं, "बापू, काल तर होऊन गेला."

"तुमचा गेला, मास्तर. माह्याबी गेला. त्याचा कुठी गेला?" त्यांनी वर बोट केलं. "त्याले काल नाही, उद्या नाही. त्याच्यापुढं समदं एकदमच मांडून हाय. तुम्ही काल ट्रंक घेऊन आले थे बी त्याले दिसून राह्यलं, अन् आता चहा पिऊन राह्यले थे बी. मंग माह्या आजचा अर्ज त्यानं कालच वाचला, तं कोणाचं काय बिघडते?"

"मग मेलेलं माणूसही मागा की जिवंत."

"थे नाही चालत." बापू गंभीर झाले. "मेलं हे आपल्याले ठाऊक हाय ना? मंग थे मागणं म्हंजे देवावर जबरदस्ती. जे ठाऊक नाही तेच मागता येते. कळलं म्हंजे संपलं."

या एका वाक्यावर बापूंचा सगळा संसार चालायचा. त्यामुळे त्यांच्या घरात बातमी शिळी झाल्याशिवाय उघडायची नाही. पोस्टमननं पत्र दिलं की ते आधी देवळीत जायचं. बापू त्याच्याकडे बघत उभे राहायचे, "आत चांगलं लिहिलेलं असू दे," असं निरनिराळ्या प्रकारे सांगायचे, जेवायचे, एक डुलकी काढायचे आणि मग फोडायचे. पत्राचं ठीक होतं. पण एकदा तार आली.

त्या काळी तार म्हणजे कोणीतरी गेलं, एवढाच अर्थ गावाला माहीत होता. तारवाला बापूंच्या दारात थांबलेला दिसताच समोरच्या गल्लीतल्या बाया हातातली कामं टाकून ओट्यावर येऊन बसल्या. बापूंनी तार देवळीत ठेवली आणि डोळे मिटले. बाया वाट बघत होत्या. तार उघडेना, तेव्हा एकीला राहवलं नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि रडायला सुरुवात केली. ती रडते म्हटल्यावर दुसरीनंही केली. कोण गेलं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे प्रत्येकीनं आपापल्या सोयीचं माणूस मनात धरलं होतं. त्यांच्या रडण्यानं बापूंच्या प्रार्थनेला जोर चढला. म्हणजे तार आणखी उशिरा उघडणार.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बापूंचा पुतण्या दिसला. डोक्यावर ट्रंक, मागे नवी नवरी, दोघं घामानं निथळत. दारातला आक्रोश ऐकून पुतण्यानं ट्रंक तिथेच टाकली आणि तोही रडू लागला. कोण गेलं ते त्याला बायांनी विचारलं आणि बायांना त्यानं विचारलं. शेवटी मी आत जाऊन तार फोडली. तीत लिहिलं होतं: 'जोडीनं येतो, फाट्यावर बैलगाडी पाठवा.'

बापूंना अजिबात ओशाळल्यासारखं झालं नाही. "पाह्यलं?" ते म्हणाले. "बातमी चांगली निघाली." आणि त्यांनी सगळ्या बायांना गूळपाणी दिलं.

मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी तर गावाला त्यांचा उपद्रवच व्हायचा. निकालाचं वर्तमानपत्र मेहकरहून एसटीनं यायचं. फाट्यावर पोरं आणि त्यांचे बाप सकाळपासून उभे. गाडी थांबली की बापू पुढे व्हायचे, कंडक्टरच्या हातातला गठ्ठा स्वतः घ्यायचे आणि तो छातीशी धरून म्हणायचे, "कोणी पाहू नोका. अजून टाइम हाय."

"बापू, छापून आला तो निकाल," एक बाप म्हणायचा.

"छापणाऱ्यानं छापला तवा देवाले आपण आता इथी उभे दिसून राह्यलो होतो. हात जोडा."

निकालापुढे माणूस हळवा असतो. सगळे हात जोडायचे, एसटीचा ड्रायव्हरसुद्धा. जो पास झाला त्याचा बाप पेढे घेऊन बापूंकडे यायचा. जो नापास झाला त्याचा बाप भांडायला यायचा. त्याला बापू शांतपणे विचारायचे, "तुमच्या घरातल्या कोणी आधीच पेपर पाह्यला होता काय, मेहकरले?" आणि दर वर्षी कोणीतरी, कोणाचा तरी मेव्हणा, मेहकरला वर्तमानपत्र पाहून आलेलाच असायचा. "मंग झालं," बापू म्हणायचे. "त्यानं पाह्यलं अन् दरवाजा लागला." यापुढे कोणत्याही बापाला बोलता यायचं नाही. मला मात्र राहून राहून वाटायचं, की जो हरूच शकत नाही त्या वादाचं जिंकणं किती खरं धरायचं. हे मी बापूंना बोलून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या शाळेत नाही का, पोरगं पास झालं तं शाळेनं केलं, नापास झालं तं पोराचं डोकस्कं?"

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत बापूंना खरी मागणी आली. मतदान झालं, पेट्यांना सील लागलं, मोजणी दुसऱ्या दिवशी. आता भाषण देऊन उपयोग नाही, पाया पडून उपयोग नाही, जेवणावळ घालून उपयोग नाही. उरले फक्त बापू. संध्याकाळी एक उमेदवार पुढच्या दारानं आला आणि त्याच वेळी दुसरा म्हशीच्या गोठ्यातून. दोघांची माझ्या खोलीत गाठ पडली. आयुष्यात पहिल्यांदाच दोघं एकमेकांच्या शेजारी बसले, कारण माझ्याकडे खाट एकच होती. बापूंनी दोघांना चहा पाजला आणि त्यांच्यादेखत देवळीपुढे उभे राहून म्हणाले, "जो निवडून आला असन, तो थोडक्यात आलेला असू दे. म्हंजे डोकं ठिकाणावर राहीन." निवडून आलेला पाच-सहा मतांनीच आला. त्यानं पुढची सगळी कारकीर्द बापूंना नमस्कार करणं टाळलं.

चातुर्मासात अमडापूरकडचे एक शास्त्रीबुवा मारुतीच्या देवळात प्रवचनाला यायचे. गोरे, गोल, गळ्यात उपरणं आणि खिशात घड्याळ. परमेश्वर कालातीत आहे, हा त्यांचा आवडता विषय. कालातीत परमेश्वराचं प्रवचन बरोबर वेळेवर सुरू व्हायचं आणि ज्या घरी जेवण असेल त्या घरातून फोडणीचा वास आला की संपायचं. बाकीचा दिवस शास्त्रीबुवा लोकांना मुहूर्त काढून द्यायचे.

एकदा प्रवचन रंगात आलं असताना बापू खांबाला टेकून बसल्या जागेवरून म्हणाले, "महाराज, त्याले टाइमच नाही, तं मुहूर्त कोणासाठी?"

"मुहूर्त देवासाठी नसतो, तुळशीरामजी. तुमच्यासाठी असतो."

"म्हंजे देव कवाबी देते, आपल्यालेच घ्याची घाई?"

"देव देतही नाही आणि घेतही नाही," शास्त्रीबुवा डोळे मिटून म्हणाले. "देणं म्हणजे आधी दिलेलं नव्हतं आणि मग दिलं. त्याला आधी नाही, मग नाही. तो फक्त आहे."

मंडळींनी माना डोलावल्या. बापूंनी थोडा विचार केला. "मंग काल सरपंचाच्या घरी सत्यनारायण झाला तवा तुम्ही काऊन म्हणे, देव पावला? पावला म्हंजे आधी पावेल नव्हता."

देवळात कोणीतरी खोकलं. सरपंच पहिल्याच रांगेत बसले होते. शास्त्रीबुवांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं, हा प्रश्न फार सूक्ष्म आहे असं जाहीर केलं आणि आरती सुरू केली. मात्र बापू घरी परतले ते अस्वस्थ. शास्त्रीबुवांना त्यांनी अडवलं खरं, पण बुवांचं म्हणणं त्यांच्या पायात काट्यासारखं मोडलं होतं. ज्याला आधी आणि मग नाही, तो एखाद्याचं ऐकून काही करणार तरी केव्हा?

दोन दिवसांनी त्यांना शेतात उत्तर सापडलं. मला मुद्दाम विहिरीवर घेऊन गेले. "पाहा मास्तर. हे मिरचीचे वाफे. याले पाणी सकाळी भेटलं, त्याले दुपारी, थ्या कोपऱ्यातल्याले उद्या भेटन. वाफ्यावाफ्यात आधी-मंग हाय. पण इहीर जागची हालली काय? इहिरीले काल-उद्या काय? तसा देव. थो हालत नाही, पण पाणी ज्याचं त्याले ज्याच्या त्याच्या टाइमाले भेटते." दृष्टान्त इतका चोख होता की मी दुसऱ्या दिवशी तो वर्गात सांगितला.

पण तो मोडणारं माणूस गावात आलंच. मारुतीच्या देवळामागे दोन खोल्यांत नवीन सरकारी दवाखाना निघाला, आणि डॉक्टर यायचा होता तो न येता नर्स आली. वच्छलाबाई. चाळिशी ओलांडलेल्या, काळ्यासावळ्या, पांढऱ्या पातळाचा काष्ट्यासारखा घट्ट ओचा खोचलेला, मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांच्या घरच्यांनी काही वर्षांमागे धम्माची दीक्षा घेतली होती. खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि तिच्यापुढे रोज एक फूल असायचं, पण मागणं काहीही नसायचं. सुरुवातीला गावातली दोन-चार घरं त्यांच्याकडून सुई टोचून घ्यायला कचरली. मग तापाची साथ आली आणि सगळ्यांचं कचरणं आपोआप थांबलं.

दुपारी दवाखाना रिकामा झाला की बाई बापूंच्या ओट्यावर चहाला यायच्या. बापूंना त्या फार आवडल्या, कारण गावात त्यांना न टरकणाऱ्या त्या एकट्याच होत्या. बापूंनी अर्थातच त्यांना विहिरीचा दृष्टान्त ऐकवला. बाईंनी तो बशीतला चहा संपेपर्यंत ऐकला आणि म्हणाल्या, "बरं. इहीर जागची हालत नाही. मंग मोट कोण हाकते?"

बापू शेताच्या दिशेनं बघू लागले.

"पाणी आपल्या पायानं वाफ्यात जाते काय, बापू? बैल लागते, हाकणारा लागते. तो सकाळी येते, दुपारी भाकर खाते, संध्याकाळी जाते. तुमच्या देवाची मोट हाकणारा टाइमावर येते का बिगर टाइमाचा?"

बापूंनी तीन-चार दिवस मोट हाकणाऱ्या गड्याकडे फार संशयानं पाहिलं. मग म्हणाले, "बाई, तुमच्या धर्मात याले काय उत्तर हाय?"

"आम्ही असं विचारतच नाही. पेशंट आला तं ताप पाहतो, तापाचा मालक शोधत नाही."

असे त्यांचे वाद रोज चालायचे. मी वह्या तपासत ऐकायचो. बापू हरायचे आणि खूश असायचे. घरात इतकं बोलणं मी आल्यापासून कधी झालं नव्हतं.

एका दुपारी बोलता बोलता मी बाईंना सहज विचारलं, आधी नोकरी कुठे होती. त्या म्हणाल्या, "लई ठिकाणी. पयली नोकरी जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात. बायांच्या वॉर्डात. तवा आपण मध्यप्रदेशात होतो."

बापू बशी तोंडाला लावत होते. ती त्यांनी खाली ठेवली, म्हशीला पाणी दाखवायचं राहिलं असं काहीतरी पुटपुटले आणि गोठ्याकडे निघून गेले. म्हशीला मी स्वतः थोड्या वेळापूर्वी पाणी पाजलं होतं.

त्या दिवसापासून बापू बाईंना चुकवू लागले. बाई ओट्यावर आल्या की ते शेतात. देवळात जायचं तर मागची वाट सोडून गावाला वळसा घालून जायचे. गावात बोभाटा झाला की नर्सबाईनं बापूंचा देव हरवला. शास्त्रीबुवांनी प्रवचनात त्याचा उल्लेखही केला आणि वेदान्त न वाचता वाद घालण्याचे परिणाम सांगितले. बाईंनी मला वाटेत थांबवून विचारलं, "मास्तर, बापू माह्यावर रागावले काय? मी तं गमतीनं बोलत होती." 

मग बापूंना ताप आला. पहिल्या दिवशी त्यांनी काढा घेतला, दुसऱ्या दिवशी तोही घेतला नाही. छाती भरून आली, श्वास घेताना शिट्टी वाजू लागली. मी म्हटलं, बाईंना बोलावतो. ते नको म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. हात चटका बसावा इतका तापला होता.

"बसा," ते म्हणाले. "तुम्हाले सांगतो."

मी खाटेच्या कडेला बसलो.

"गिरजेले मी मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलतो. माह्या बायकोले. पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणे, धोका टळला. गिरजाच म्हणे, कापूस फुटून राह्यला, एक डाव पाहून या. मी आलो. वेचणी लावून देली अन् दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारनं निघालो. मोटार घाटात बंद पडली. आम्ही समदे बाभळीखाली बसलो. एकानं भुईमुंगाच्या शेंगा काढल्या. म्या शेंगा खाल्ल्या, मास्तर. गोष्टी केल्या. हासलोबी. पोहोचलो, तं तिच्या खाटेवर दुसरीच बाई निजेल होती."

त्यांनी श्वास जुळवून घेतला.

"दुपारी गेली, एवढं कळलं. बाकी कोणाले विचारलं नाही. बाजूच्या खाटेवरची बाई सांगाले लागली, तिच्यापुढं म्या हात जोडले. नोका सांगू म्हणलं."

"का, बापू?"

"काय सांगतीन थे? हाका मारत होती म्हणतीन. जिवाले भेली होती म्हणतीन. कोणी पाशी नव्हतं म्हणतीन. ऐकलं असतं, तं मले मागाले काय राह्यलं असतं? गिरजेले जगव, असं मी नाही म्हणत. थे ठाऊक हाय मले. मी म्हणतो, थ्या दुपारी तिच्यापाशी कोणी बसलेलं असू दे. ती भेलेली नसू दे. रोज म्हणतो. मनात."

मी इतकी वर्षं त्यांची मोठ्यानं म्हटलेली प्रार्थना ऐकत होतो. त्यात हे कधी आलं नव्हतं.

"आणि निकाल? तार? निवडणूक?"

"रोज एकच गोष्ट मागाले लाज वाटते ना," बापू म्हणाले. "म्हणून संगं दुसऱ्याचंबी थोडं मागतो."

बाहेर गल्लीतून एक बैलगाडी गेली. 

"आता थे बाई देवळामागं बसून सुया टोचून राह्यली. तिले ठाऊक असन. एखाद दिवशी चहा पिता पिता सहज बोलून जाईन. मंग उद्यापासून मी देवळीपुढं उभा राहून काय करू?"

 त्यांची छाती भात्यासारखी वाजत होती. मी उठलो आणि सरळ देवळामागे गेलो. बाईंना एवढंच सांगितलं, की बापूंना फार ताप आहे आणि त्यांनी जुन्या नोकरीबद्दल काही बोलू नये. बाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. दवाखान्यापुढे बसलेल्या लोकांना "आली मी," म्हणाल्या आणि पेटी उचलून माझ्यामागे निघाल्या.

बापू भिंतीकडे तोंड करून पडले होते. बाईंनी स्टोव्ह पेटवून सुई उकळली, दंडाला टोचली, कपाळावर ओली पट्टी ठेवली. मग स्टूल ओढून खाटेशेजारी बसल्या आणि नाडी बघायला त्यांचा हात हातात घेतला.

"बापू, रस्ता काऊन बदलला तुम्ही?" त्या घड्याळाकडे बघतच म्हणाल्या. "मोटेचं मी उगीच बोलली होती. मले तरी कुठी माहीत कोण हाकते थे."

बापूंनी तोंड वळवलं. बाईंकडे पाहिलं. मला वाटलं ते हात सोडवून घेतील.

"बाई," ते म्हणाले, "एक इचारतो. मी नाव नाही सांगत. सालबी नाही सांगत. तुम्हीबी इचारू नोका."

"बरं."

"वॉर्डात एखादी बाई शेवटाले आली म्हंजे, तुम्ही बसत होत्या काय तिच्यापाशी?"

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी स्टोव्हकडे पाहिलं. मला त्या क्षणी मनापासून वाटत होतं, की बाईंनी खोटं बोलावं, आणि खोटं बोलणं बाईंना जमत नाही हेही मला ठाऊक होतं.

"खाटा लई होत्या, बापू," त्या हळू म्हणाल्या. "आम्ही दोघीच राहत होतो. एकीले उलट्या, एकीचं बाळंतपण अडेल, एक रडून राह्यली. वेळ भेटला तं बसत होती. नाही भेटला तं नाही. खरं सांगते. तोंडंबी आता आठवत नाहीत."

बापूंनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाल्यासारखा वाटला. कोणी बसलं होतं असं त्यांना कळलं नव्हतं, आणि कोणी बसलं नव्हतं असंही कळलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि रोज मनात ठेवायचे ते पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले.

"थ्या दिवशी बाईले वेळ भेटलेला असू दे."

मी बाईंकडे पाहिलं. इतक्या दुपारी ओट्यावर वाद ऐकले होते, त्यामुळे त्या काहीतरी विचारतील असं मला वाटलं. पण ओल्या पट्टीचं पाणी बापूंच्या कानाकडे ओघळत होतं, ते त्यांनी डाव्या हातानं पदर घेऊन टिपलं. दवाखान्यातून एक माणूस येऊन दारात उभा राहिला आणि लोक खोळंबलेत म्हणाला. बाईंनी त्याला मानेनंच थांबायला सांगितलं.

बापूंना झोप लागली होती. नाडी मोजून केव्हाच झाली होती. बाईंनी हात सोडला नाही.